शिल्लक साठा निरंक

सोमवार, ६ जानेवारी

फ्लेक्स करणाऱ्याविरुद्ध दाद मागायची सोय कायद्यात असायला हवी होती. मी त्याला कागदावर दोन साध्या ओळी लिहून दिल्या होत्या. ‘हे औषधालय महिनाअखेरीस कायमचे बंद होत आहे. आजवरच्या स्नेहाबद्दल आभारी आहोत.’ पांढऱ्यावर काळं, बाकी काही नको, असं बजावलंही. त्या कलावंतानं माझा एक जुना फोटो कुठून तरी पैदा केला, दोन्ही बाजूंना समया पेटवल्या, खाली कमळ ठेवलं आणि ‘कायमचे’ हा शब्द सगळ्यात मोठा केला. सकाळी फ्लेक्स लागला आणि दुपारपर्यंत लोक टोपी सारखी करत, चेहरे पाडून पायऱ्या चढत होते. मी काउंटरमागं जिवंत दिसल्यावर त्यांची जी पंचाईत होई ती बघवत नव्हती. एक पाहुणे लांबून मोटरसायकलवर आलेले. फेरी फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी विचारलं, ‘मग सेल तरी हाय का?’

फ्लेक्स उतरवला. आता हातानं लिहून कागद चिकटवलाय. तो कुणी वाचत नाही.

सोमवार म्हणजे सुभेदार जाधवांचा. आले. उतरवलेला फ्लेक्स भिंतीला टेकवलेला होता, तो वाकून वाचला. मग काउंटरवरून माझं मनगट धरलं आणि थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘चालू हाय.’

नंतर नेहमीचं. माजी सैनिकांच्या दवाखान्यातून फुकट मिळालेलं फिटच्या गोळ्यांचं पाकीट खिशातून काढून काउंटरवर ठेवलं. मी आठवड्यापुरत्या गोळ्या कापून त्यांच्या ओंजळीत दिल्या. त्यांनी कपाळाला लावल्या. गोळ्या सरकारच्या, पोट त्यांचं, मधे माझा हात. हा व्यवहार गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि कुठल्याच वहीत बसत नाही.

जाताना म्हणाले, ‘शास्त्री, बंद म्हंजे कवा? आन् मंग माज्या गोळ्या?’

मी म्हटलं, तुमच्या गोळ्या दवाखाना देतो, मी कुठं देतो?

‘दवाखाना पाकीट देतोय. गोळी तुमी देताय.’

बुधवार, ८ जानेवारी

परवाना परत करायचा अर्ज. दुकान काढताना इतकं विचारलं नव्हतं. मूळ परवाने, खरेदीची बिलं, शिल्लक साठ्याचा तक्ता, मुदत संपलेला माल वेगळा, विक्री थांबवल्याची तारीख. शेवटी ‘बंद करण्याचे कारण’ आणि त्यापुढं बोटभर जागा.

आधी लिहिलं की रस्त्याच्या दोन्ही टोकांना सवलतीची दुकानं निघाली आणि मधे बसलेल्याला आपण मधे आहोत हे उशिरा कळलं. मावलं नाही. मग लिहिलं, ‘गावाला माझी गरज उरली नाही.’ हे मावलं, पण वाचून लाज वाटली. खोडलं.

सुनंदाचा साताऱ्याहून फोन. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘कारण म्हणून बायको लिहा. निम्मा जन्म शनिवार-रविवारचा संसार केलाय, कुठल्या तरी सरकारी कागदावर नोंद होऊ दे.’ ती साताऱ्याच्या शाळेत, मी आष्ट्याच्या दुकानात. इतकी वर्षं कोण कुणाकडं जाणार यावर बोलणं चालू होतं. आता आपोआप ठरलं.

शेवटी ‘वैयक्तिक’ असं लिहिलं. बी. ए.ला हेतू आणि हेत्वाभास शिकलो होतो. संस्कृत घेतलं म्हणून गाव शास्त्री म्हणतं. पुढं पोटासाठी औषधांची पदविका केली, तिच्यावरून काहीच म्हणत नाही. तर ‘वैयक्तिक’ हा हेतू नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. औषध खात्याला चालतो.

शुक्रवार, १० जानेवारी

सांगली. होलसेलवाल्याकडं माल परत. अख्ख्या पट्ट्या त्यानं मुकाट घेतल्या. कापलेल्या एकेक करून बाजूला सारल्या.

‘ह्या न्हाई चालत, शास्त्री. तुमाला ठाऊक हाय.’

ठाऊक आहे. ज्याला चारच गोळ्या जमतात त्याला चारच कापून दिल्या. उरलेला तुकडा कपाटात, पुढच्या चारवाल्यासाठी. असे तुकडे साठत गेले. मुदतीतल्या, चांगल्या गोळ्या. कायद्यानं कचरा. वाटून टाकतो म्हटलं तर तेही नियमात नाही. सवलतीच्या दुकानात पट्टी कापतच नाहीत. घ्यायची तर अख्खी, नाहीतर रामराम. त्यांचं दुकान बंद करायची वेळ आली (येणार नाही) तर सगळा माल परत जाईल. नियम पाळून धंदा करणाऱ्याला बंद होतानाही शोभा असते.

येताना एस.टी.त उभा. पिशवीत ते तुकडे. खुळखुळत होते.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला बरीच माणसं आली. बऱ्याच जणांच्या दुसऱ्या हातात सवलतीच्या दुकानाची हिरवी पिशवी. ती पाठीमागं धरून गोड बोला म्हणाले. मीही गोड बोललो. माझी साखर वाढलेली आहे, पण एवढ्यानं काही होत नाही.

अण्णा, म्हणजे आमचे जागामालक, शेजारी भांड्यांचं दुकान. तिळगूळ तोंडात टाकून लगेच टेपनं रॅकची लांबी मोजू लागले.

‘शास्त्री, रॅकं ठेवून जाणार का घेऊन?’

म्हटलं, अण्णा, अजून माझे अवयव थंड झालेले नाहीत.

‘आवं, माप घेतोय. हात कुठं लावतोय.’

अण्णांचं खोटं नाही. ते सगळं तोंडावर करतात. माझं दुःख जे आहे ते पिशवी मागं धरणाऱ्यांचं.

सगळे गेल्यावर रेखा आली, सुभेदारांची सून. मळ्यातून चालत. नवरा पलटणीत, सीमेकडं कुठंतरी, उन्हाळ्याशिवाय रजा नाही. घरी ती, पोरं आणि सासरे. तिनं वाटी पुढं केली आणि पायरीवरच उभी राहिली.

म्हणाली, ‘तुमी गेल्यावर मामा गोळ्या सोडनार. सोमवारी घरी येऊन सांगितलंच त्यांनी.’

मी म्हटलं, तू देत जा ना. तिनं दिल्या होत्या एकदा, मी आजारी होतो तेव्हा. सुभेदारांनी तिला सांगितलं, ‘सूनबाई, तुज्या हाताला भाकरीचा गुण हाय. गोळीचा न्हाई.’ आणि मी बरा होईपर्यंत तसेच राहिले. त्या वेळी निभावलं.

‘मोटर चालू करायला एकटं हिरीवर जात्यात,’ ती म्हणाली. ‘कठडा न्हाई हिरीला. फिट तितं आली तर...’

मी तिळगूळ खाल्ला.

शुक्रवार, १७ जानेवारी

प्रयोग. सुभेदारांना म्हटलं, पाकीट घेऊन त्या नव्या दुकानात जा. तिथली फार्मासिस्ट मुलगी शिकलेली आहे, कोट घालते, हात माझ्यापेक्षा स्वच्छ. तिच्याकडून घ्या. हुकूम समजून गेले. लगेच परतले.

‘काय झालं?’

‘ती पोरगी म्हनाली, आजोबा, आमच्याकडनं घेतल्याल्या न्हाईत, आमी हात लावत न्हाई.’

बरोबर म्हणाली. मी तिच्या जागी असतो तर, म्हणजे नियमानं चालणारा असतो तर, हेच म्हणालो असतो.

‘आन् दुसरं सांगू का,’ सुभेदार म्हणाले, ‘समदा टाइम मशिनीकडं बगत व्हती. मी समोर मेलो आसतो तर बिल निगाल्यावर कळलं आसतं.’

हसलो. हसायला नको होतं. प्रयोग फसला म्हणून मला आतून बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो.

सोमवार, २० जानेवारी

सुभेदारांना शास्त्र समजावलं. कधी नव्हे ते स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. मी तुमची फिट पहिल्यांदा बघितली ती ऐन बाजारात, माझ्या पायरीशी. तेव्हाही पाकीट तुमच्या खिशात होतं, भरलेलं. मी त्यातलीच एक काढून दिली आणि रोज घ्या म्हणून दम भरला. तुम्ही घेऊ लागलात, फिट थांबली. यात हात कुठं आला? खिशातली गोळी खिशात काम करत नाही, पोटात करते. कुणीही द्या. गाढवानं दिली तरी करेल.

मांडीवर हात ठेवून, ताठ बसून ऐकलं. शेवटी म्हणाले, ‘समदं पटलं. लय चांगलं सांगितलं. आता द्या.’

आणि ओंजळ पुढं केली.

गुरुवार, २३ जानेवारी

विक्री बंद केली. शेवटचा माल गेला. कापलेले तुकडे आणि मुदत गेलेलं दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या गाडीत, पावती घेऊन. रॅक मोकळे. वास तेवढा राहिलाय, तो तक्त्यात कुठं दाखवायचा ते विचारलं पाहिजे.

सवयीनं दुकान उघडून बसलो. एक बाई डोकेदुखीची गोळी मागायला आली. नाही म्हटलं. ‘औषधाच्या दुकानात गोळी न्हाई?’ असं म्हणून माझ्याकडं अशी बघत गेली, जणू मीच सगळा साठा लपवून ठेवलाय. इतक्या वर्षांत दुकानातून कुणाला नाही म्हणून परत पाठवलं नव्हतं, असं लिहिणार होतो. पण खरं नाही. उधारीवाल्यांना पाठवलंय.

रविवार, २६ जानेवारी

साताऱ्याला गेलो नाही. शाळेत झेंड्याला गेलो. सुभेदार पदकं लावून पहिल्या रांगेत. त्यांची सलामी बघत राहावं अशी. कार्यक्रम झाल्यावर मुलांची जिलेबी झाली. ते लांबूनच म्हणाले, ‘उद्या सोमवार.’

म्हटलं, आठवण आहे.

सोमवार, २७ जानेवारी

नीट लिहितो, कारण हे पुढं लागेल.

तपासणीला औषध खात्याच्या इन्स्पेक्टर बाई आल्या. तरुण, कामाच्या पक्क्या, चहा नको म्हणाल्या. रॅक, ड्रॉवर, फ्रिज सगळं उघडून बघितलं, फोटो काढले. तक्ता ताडला. ‘शिल्लक साठा’ या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं. या शब्दाचं मला नेहमी कौतुक वाटतं. शून्य लिहिलं तर काहीतरी संपलंसं वाटतं. निरंक म्हटलं की कधी नव्हतंच. सही करायला पेन घेतलं आणि सुभेदार पायरी चढले.

त्यांनी बाईंना रामराम घातला, पाकीट काउंटरवर ठेवलं. आणि मी... मी कात्री उचलली. ठरवून नाही. हात आपला गेला. आठवड्याच्या गोळ्या कापल्या आणि ओंजळीकडं नेल्या.

‘थांबा,’ बाई म्हणाल्या. ‘हे काय आहे?’

सांगितलं. दवाखान्यातल्या आहेत, माझ्या नाहीत, पैसे नाहीत, बिल नाही. पाकिटावर दवाखान्याचा शिक्का आहे, बघा. त्यांनी बघितला.

‘मग तुम्ही कापून देताय कशाला?’

उत्तर सुभेदारांनी दिलं, ‘यांच्या हाताला गुण हाय, मॅडम. दुसऱ्या कुणी दिली तर लागू पडत न्हाई.’

बाई हसतील असं वाटलं. नाही हसल्या. त्यांनी मला बाजूला नेलं आणि हळू म्हणाल्या, ‘सर, मी यायच्या आधी दिल्या असत्या तर मला कळलं नसतं. आता मी बघितलं. विक्री थांबवल्यानंतर या जागेत औषध एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बघितलं. मी काय लिहू, सांगा.’

चुकीचं काहीच नव्हतं. आवाजही चढवला नाही. सही थांबली. मार्ग निघाला तो असा की मी स्टँप पेपरवर हमीपत्र द्यायचं: इथून पुढं कुणालाही, कुठल्याही कारणानं, कुठलंही औषध स्वतःच्या हातानं देणार नाही. ते जोडलं की परवाना रद्द होईल, नाहीतर प्रकरण वर जाईल.

गोळ्या काउंटरवर तशाच. सुभेदार ओंजळ धरून उभे. मी म्हटलं, सुभेदार, तुमच्या हातानं उचला आज.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. गोळ्या उचलून खिशात टाकल्या. कपाळाला लावल्या नाहीत. सलाम करून गेले.

मंगळवार, २८ जानेवारी

हमीपत्र टाइप केलं. वकिलानं त्यात ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ घातलं. वकील लोकांना कुठलीही फट दिसली की बुजवावीशी वाटते, गवंड्यासारखी. सही केली, पाठवलं.

अण्णा रॅक ठेवून घेणार. एक रॅक वाकडा आहे हे आज त्यांना दिसलं. मी म्हटलं, इतकी वर्षं तो औषधांच्या वजनानं सरळ होता.

सुनंदाला फोनवर सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, सुभेदार स्वतःच्या हातानं घेतील, माणूस जिवावर बेतलं की घेतो. शिक्षिकेचा माणसांवर विश्वास असतो. दुकानदाराचा नसतो. तो माणसं उलटी बघतो, खिशाकडून.

गुरुवार, ३० जानेवारी

सकाळीच रेखाचा फोन. सोमवारपासून एकही घेतलेली नाही. गोळ्या देवळीत, गणपतीपुढं. ती म्हणाली तेव्हा म्हणाले, ‘त्यांनी दिल्याल्या न्हाईत. त्या मी उचलल्याल्या हायत.’

मळ्यात गेलो. मोटरसायकल लावली तर सुभेदार विहिरीकडूनच येत होते, पाय चिखलानं भरलेले. विहीर बघून घेतली. रेखा म्हणाली ते खरं आहे, कठडा नाही.

वाटभर ठरवत होतो, काय सांगायचं. शास्त्र सांगून झालं होतं. विनवणी करून झाली असती तरी उपयोग नव्हता. जे कधीही करणार नाही म्हणत होतो ते केलं.

म्हटलं, सुभेदार, माझा गुण मला आता ठेवता येत नाही, सरकारनं बंदी केलीय. तो दुसऱ्याला देता येतो. विधी आहे. रेखाला द्यायचा.

त्यांनी टोपी काढली. पाट मांडायला लावला. रेखा हात धुऊन आली, पदर घेतला. तिच्या तळव्यावर माझा तळवा ठेवला आणि डोळे मिटून जे तोंडाला आलं ते म्हटलं. माझं परवाचं हमीपत्र, संस्कृतात करून, कीर्तनातल्यासारख्या चालीवर. अद्यप्रभृति अहं कस्मैचिदपि औषधं न दास्यामि. आजपासून मी कुणालाही औषध देणार नाही. प्रत्यक्षं वा अप्रत्यक्षं वा. तेही घातलं. वकिलाची मेहनत फुकट जायला नको.

रेखानं तळवा तसाच धरून ठेवला. तिनं खरं मानलं का माहीत नाही. मी डोळे उघडले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला कसनुसं झालं. हसू येईल असं वाटलं होतं, ते कुठल्या कुठं गेलं.

तिनं गोळी दिली. सुभेदारांनी कपाळाला लावली, गिळली. मी गळ्याची हालचाल बघितली.

निघताना रस्त्यापर्यंत सोडायला आले. गाडीला किक मारली तेव्हा म्हणाले, ‘आमच्या पलटनीत पंडितजी व्हते. दर मंगळवारी मंत्र म्हनायचे. आमाला कळायचं न्हाई काय म्हनत्यात.’

‘मग?’

‘मग काय. उभं ऱ्हायाचं. हुकूम आसतोय.’

माझ्याकडं बघून हसले का, ते गाडीच्या धुरात नीट दिसलं नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

बोर्ड उतरवला. त्यामागं भिंतीचा मूळचा रंग निघाला, पोपटी. मीच निवडला होता म्हणे. आठवत नाही.

किल्ल्या अण्णांना. ते म्हणाले, ‘येत जावा, शास्त्री.’ कुठं येऊ, हे त्यांनी सांगितलं नाही.

सातारा, सोमवार, ३ फेब्रुवारी

सोमवार. काही नाही.

सुनंदा शाळेत. तिसरा मजला, गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या म्हणून खालच्या दुकानात गेलो. त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. म्हटलं, अहो, मी स्वतः... आणि थांबलो. मी स्वतः काय? चिठ्ठी आणायला परत वर चढलो. कधी कुणाच्या काउंटरच्या या बाजूला उभा राहिलो नव्हतो. बाजू बदलली की उंची बदलते, हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

खात्याचं पत्र आलं. अर्ज मंजूर, परवाना रद्द, शिल्लक साठा निरंक. एकही चूक नाही, शुद्धलेखनाची सुद्धा. तीन वेळा वाचलं, कुठं तरी सापडावी म्हणून.

सुनंदानं पेढे आणले. म्हणाली, ‘सुटलात.’ मी पेढा खाल्ला. ती म्हणाली, ‘चेहरा तर असा केलाय, जणू पोरगं नापास झालंय.’ तिला म्हटलं, पास होण्याचाही एक चेहरा असतो, तुझ्या शाळेत दिसत नसेल.

रेखाला फोन केला. ‘नीट घेत्यात,’ म्हणाली. ‘रोज माज्या हातनं. कपाळाला लावत्यात.’ चला. शास्त्रीबुवांचा विधी फळला. हे कुणाला सांगायचं, सांगता येत नाही. खात्याला तर नाहीच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

रेखानं स्वतःहून फोन केला. मुलांचं, उसाच्या तोडीचं बोलली. टोळी आली नाही अजून. मग ठेवता ठेवता म्हणाली, ‘मामा आता गोळी हातात घेऊन गोठ्याकडं जात्यात. पानी तितंच पितो म्हनत्यात.’

कधीपासून?

‘झालं की पाचेक दिस.’

मी म्हटलं, समोर घ्यायला सांग.

ती म्हणाली, ‘आवं, सासऱ्यांना तोंड उगडून दाखवा म्हनू का?’

म्हणू शकत नाही ती. मीही म्हणू शकलो नसतो. मला कधी म्हणावं लागलंच नव्हतं. माझ्या हातात तेवढं होतं, ते काय होतं मला अजून कळलेलं नाही.

मुलाला सांग म्हटलं. ‘त्यांना तितं काळजी कशाला,’ म्हणाली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सुनंदाशी वाद. ती म्हणाली, ‘दुकान सुटलं, तो म्हातारा सुटत नाही तुमचा.’ मी म्हटलं, तू शाळेतून रिटायर हो, मग बघू तुझी कुठली पोरं सुटतात. ती रागावली नाही. चहा ठेवला.

म्हणाली, एक फोन करा की सरळ त्यांनाच. विचारा.

फोन हातात घेतला. ठेवला. विचारलं तर घेतो म्हणतील. सैनिक आहेत, खोटं बोलणार नाहीत असं मी कुणालाही सांगेन. पण त्या दिवशी मी पाटावर बसून त्यांच्यासमोर खोटं बोललो आणि त्यांनी टोपी काढून ऐकून घेतलं. ते ओळखून होते की नव्हते, हे मला माहीत नाही. ओळखलं असेल, तर माझ्या मानासाठी त्यांनी त्या दिवशी एक गोळी गिळली. तेवढीच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी स्टँडवर जाऊन आलो. आष्ट्याकडची गाडी लागलेली होती. चढलो नाही. गेलो तर ते ओंजळ पुढं करतील. मी देईन. हमीपत्र वगैरे आठवणार नाही. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा, आणि मी किती सोमवार जाऊ शकतो? नाही दिली, तर कशाला गेलो?

या वहीत गेले दोन महिने फ्लेक्स, रॅक, वकील, निरंक, सगळं लिहिलं. सवलतीच्या दुकानांवर पानं भरली. त्यांच्याबद्दल मला राग आहे, पण झोप त्यांच्यामुळं जात नाही.

सुभेदार गोळ्या घेत नसावेत, अशी माझी समजूत झाली आहे. ते विहिरीवर एकटे जातात. फिट येईल, आणि तिथं कुणी नसेल. मला एवढीच भीती वाटते.

आष्ट्याची दुसरी गाडी दुपारी आहे.